कक्ष सातची हजेरी

आधीच सांगून ठेवतो, मी बाई हाय. सारिका चौगुले, वय अठ्ठेचाळीस, पॅनेल फिटर, पहिल्या वर्गाचा परवाना. ‘सांगतो’ म्हटलं म्हणून दचकू नका. आमच्या कोल्हापुरात बायका ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ असंच बोलत्यात. माझी आई तसंच बोलायची, माझी पोरगी तसंच बोलती. बाहेरची माणसं हसत्यात, ती हसू देत. पण त्या एका ‘आलो’पायी माझ्या डोळ्यादेखत एक माणूस जळून मरायला नव्वद सेकंद उरले हुते. म्हणून हे सांगायला बसलो.

मी साठाघरात काम करतो. दिवसा उन्हाची वीज साठवायची आन् अंधार पडला की शहराला द्यायची, एवढंच तिथलं काम. आत बारा कक्ष. एकेका कक्षात छताला भिडणारा लोखंडी रॅक, आन् रॅकमध्ये खालपासून वरपर्यंत कंट्रोल पॅनेलं. ही पॅनेलं बसवायची, काढायची, बदलायची, हे काम माझं आन् दस्तगीरभाईंचं. दस्तगीर मुल्ला माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. बावीस वर्षं आमची जोडी. बाईला पॅनेलला हात लावू देऊ नका म्हणणारे ढिगानं हुते तेव्हा ह्या माणसानं माझ्या हातात पाना दिला आन् म्हणाला, “आवळ. चुकलं तर मी हाय.”

पूर्वी काम सरळ असायचं. मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. टेस्टर लावून बघायचं, अर्थिंगचा दांडा लावायचा, मगच आत हात. माझं कुलूप हाय तोवर कुणाच्या बापाला वीज सोडता यायची न्हाई.

मग वेल आली.

वेल हे आमचं नाव, कंपनीचं काहीतरी लांबलचक हाय. रॅकच्या पाठीमागच्या पत्र्यावर एक पातळ थर दिलेला असतो. चिकट प्लास्टिकसारखा पदार्थ, आन् त्यात धातूचे लई बारीक कण पेरलेले. विजेचा दाब पडला की ते कण आपोआप एकामागं एक उभे राहत्यात आन् त्या रांगेतनं वीज वाहती. रांग कुठं तुटली तर शेजारचे कण सरकून दुसरी रांग धरत्यात. हितं तोडलं तर तिकडनं फुटतंय. वेल आल्यापासनं सात वर्षं शहरात एकदा बी वीज गेली न्हाई. दवाखान्यांनी जनरेटर भंगारात घातले, लोकांनी पेढे वाटले. पण ज्याला त्या रॅकमध्ये हात घालायचा हाय, त्याचं काय? मेन स्विच पाडला तरी वेल शेजारच्या कक्षातनं वीज ओढून आणणार. पाडायला स्विचच राहिला न्हाई म्हणा की.

त्याच्यावर उपाय म्हंजे झोप. वेलीला उलटा दाब द्यायचा, म्हंजे कण विस्कटून पडत्यात आन् कक्ष थंड होतो. पण चाळीस मिनिटांच्या वर झोपवलं तर कण तळाला बसत्यात आन् परत उठत न्हाईत. अख्खा रॅक मेला. त्यामुळं आतली माणसं बाहेर पडली रे पडली की कक्ष लगेच जागा करायचा असा नियम. एक जण आपलं कुलूप तसंच ठेवून जेवायला गेला, रॅक मेला, आन् त्या दिवसापासनं कंपनीनं सगळ्यांची कुलपं जमा करून घेतली.

कुलपांच्या जागी आले गुरुजी. गुरुजी म्हंजे हजेरी घेणारं यंत्र, आवाज वळखणारं. आत जाताना ‘आत’ म्हणायचं, बाहेर येताना ‘बाहेर’ म्हणायचं. आत किती उरले हे गुरुजी मोजणार, आन् शून्य झालं की कक्ष जागा. कॅमेरा फक्त कक्षाच्या पुढच्या बाजूला, दाराच्या शटरवर रोखलेला, आन् मास्क घातलेला चेहरा त्याला वळखता येत न्हाई. रॅकच्या मागच्या बोळात कॅमेरा टिकत न्हाई, आन् अंगाच्या उष्णतेवरनं माणूस वळखायचा म्हटलं तर रॅक बी माणसाएवढाच गरम. म्हणून सगळी मदार आवाजावर.

आवाज नोंदवायला पुण्याहून एक मॅडम आली हुती. गोड पोरगी. समोर माईक ठेवला, कुठल्या नोंदी बोलायच्या ते लिहिलेलं कार्ड दिलं आन् म्हणाली, “सहज बोला हं, नेहमी बोलता तसं.”

आता मी नेहमी बोलतो तसं बोलायला काय धाड भरली हुती? पण शाळेत पाचवीत असताना बाहेरगावच्या बाईंनी मला ‘मी आलो’ म्हटल्याबद्दल बाकावर उभं केलं हुतं. “मुलगा आहेस का तू?” म्हणाल्या, आन् अख्खा वर्ग खिदळला. तेव्हापासनं असली मऊ बोलणारी माणसं समोर आली की माझा गळा आपोआप बारीक होतो. मी पदर सारखा केला आन् बोललो, “मी आत आले आहे. मी बाहेर आले आहे.” आवाज असा, जणू आकाशवाणीवर बातम्या द्यायला बसलोय.

मागं उभे असलेले दस्तगीरभाई फिस्सकन हसले. “अगं सारिका, हे कोण बोलालंय? तुझ्या पोटात कोण शिरलंय?”

“गप्प बसा की भाई,” मी दबक्या आवाजात म्हणालो. मॅडम बी हसली. रेकॉर्डिंग झालं. त्यानंतर दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं, कारण तोवर आमच्या जोडीत आत-बाहेरची नोंद बहुतेक भाईच द्यायचे. “आम्ही दोघं आत,” म्हटलं की झालं. मग नियम बदलला. ज्याची नोंद त्यानंच द्यायची. त्याला आठवडा झाला हुता.

मंगळवारी सकाळी दहाला कक्ष सातचं काम हाती आलं. नऊ नवी पॅनेलं बसवायची, पण झोपेच्या वेळात एका दमात सगळी होत न्हाईत, म्हणून आज पाच, उद्या चार. कामाआधी मी मंगळसूत्र आन् बांगड्या काढून जेवणाच्या डब्यात ठेवल्या. भाईंनी अंगठी काढली, गळ्यातला ताईत काढला. रॅकचे जमिनीतले चारी बोल्ट हलवून बघितले, कारण पॅनेल अर्धं बाहेर असताना रॅक कलंडला तर माणूस खाली सापडतो. सगळ्यात जड पॅनेल सगळ्यात खाली, हा भाईंचा जुना नियम. दोघांनी उचलायचं, रुळावर टेकवायचं, आत सरकवायचं. आधी अर्थिंगची पट्टी, मग बाकीच्या तारा, वीज सगळ्यात शेवटी. नट आधी हातानं फिरवायचे आन् मग टॉर्क पान्यानं ‘कट्ट’ आवाज येईस्तोवर आवळायचे.

गुरुजींनी कक्ष झोपवला. दोघांनी आत असल्याची नोंद दिली, भाईंनी त्यांच्या आवाजात, मी माझ्या बातम्यांच्या आवाजात. चार पॅनेलं झकास बसली. पाचवं सरकवलं आन् भाई अर्थिंगची पट्टी बांधायला रॅकच्या मागं गेले. तो बोळ दीड फुटाचा. एका अंगावर आडवं व्हायचं आन् दोन्ही हात कोपरापर्यंत रॅकच्या पोटात घालायचे. मागं पंख्यांचा आवाज असा की कानावर जाड टोप्या घालाव्याच लागत्यात.

मी पुढनं नट आवळाय लागलो तर पान्यातनं ‘कट्ट’ येईना. बिघडला हुता मेला. वाकून भाईंना हातानं खूण केली की दुसरा पाना आणतो. त्यांनी अंगठा दाखवला. मी शटरखालनं बाहेर आलो आन् घाईत, तोंडावर धुळीचा मास्क तसाच ठेवून ओरडलो, “मी बाहेर आलो!”

“नोंद झाली,” गुरुजी म्हणाले. नाव घेत न्हाईत ते, तेवढाच वेळ वाचतो.

आता नीट ऐका. गुरुजींच्या हिशेबात आत दोनच माणसं हुती. एक पुरुष, भरड आवाजाचा. एक बाई, बारीक आवाजाची, ‘आले आहे’ म्हणणारी. मास्कमधनं घोगरा आवाज आला, ‘आलो’ म्हणाला. यंत्रानं दोघांतनं एक निवडला. त्याच्या लेखी दस्तगीर मुल्ला बाहेर पडले.

मला ह्यातलं काही ठाऊक न्हाई. मी कोपऱ्यातलं हत्यारांचं कपाट उघडलं, मास्क हनुवटीखाली ओढला, पाना शोधाय लागलो. तेवढ्यात गुरुजींची दर दहा मिनिटांची विचारणा झाली. जे आत आहेत असं त्यास्नी वाटतंय त्यांनाच ते नावानं विचारत्यात, उत्तर आलं न्हाई तर माणूस आतच धरत्यात.

“सारिका चौगुले, आपण आत आहात का?”

‘आपण आहात का’ म्हटल्यावर माझ्यातली ती बाकावरची पोरगी उभी राहिली. तोंडातनं आपोआप बारीक आवाज निघाला, “नाही, मी बाहेर आले आहे.”

“धन्यवाद. नोंद झाली.”

आन् शटर खाली पडलं. धाडकन.

“कक्ष सात रिकामा आहे. नव्वद सेकंदांत जाग.”

हातातला पाना गळून पायावर पडला, कळ बी कळली न्हाई. मी शटरकडं धावलो, दोन्ही मुठींनी बडवलं. “भाई! भाई, बाहेर या! हात काढा!” आत पंखे घोंगावत हुते. कानावर टोप्या घातलेल्या माणसाला काय ऐकू जाणार, कप्पाळ?

“गुरुजी, थांब! माणूस आत हाय!”

“कक्ष सात रिकामा आहे. ऐंशी सेकंद.”

मी स्वतःची नोंद मागं घ्यायला बघितली. कसाबसा तो बारीक आवाज काढला. “सारिका चौगुले. मी आत आहे.”

“आपण कॅमेऱ्यात बाहेर दिसत आहात. नोंद अमान्य.”

भिंतीवरचं लाल बटण दाबलं. ते पुण्याच्या कंट्रोल रूमला लागतं. तिथं ईशान पेंडसे म्हणून इंजिनिअर बसत्यात, शहाणा माणूस, कधी आवाज चढवत न्हाई. “बोला चौगुले मॅडम,” म्हणाले.

“साहेब, सात नंबर थांबवा! दस्तगीरभाई आत हाईत! मागच्या बोळात, हात रॅकमध्ये हाईत त्यांचे!”

“एक सेकंद… नाही मॅडम, दस्तगीर बाहेर आलेत. दहा अडतीसची नोंद आहे.”

“खोटी हाय नोंद! थांबवा म्हणतोय ना!”

“मला थांबवायचं तर वरच्या दोघांची परवानगी लागते. तीन मिनिटं जातात त्यात. मी मागतो, पण…” त्यांची बोटं बटणांवर टकटक वाजताना ऐकू येत हुती. “किंवा ज्यानं बाहेरची नोंद केली त्यानंच ती मागं घ्यायची. दस्तगीरना सांगा ना, स्वतः बोलायला.”

“पन्नास सेकंद,” गुरुजी म्हणाले.

“अहो, तो माणूस आत मराय लागलाय, तो कसा बोलणार! माणसापेक्षा तुमची नोंद मोठी झाली काय?”

टकटक थांबली. मग पेंडसेंचा आवाज बदलला, जरा चिडल्यासारखा. “मॅडम, ही चेष्टा करायची वेळ नाही. दस्तगीर तुमच्या शेजारीच उभे आहेत. बोलतायत की ते. माझ्याकडे चित्र येत नाही, पण पडद्यावर नावानिशी लिहून येतंय ना सगळं. ‘दस्तगीर मुल्ला: थांबवा म्हणतोय ना.’ ‘दस्तगीर मुल्ला: माणसापेक्षा तुमची नोंद…’”

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी न्हवतं. कपाट, पाना, आन् माझा डबा.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. थांबवा म्हणतोय. म्हणतोय! बाहेर ‘आलो’ मी. आन् बाहेर ‘आले आहे’ बी मीच. एकटी बाई दोन माणसं होऊन बाहेर पडलो हुतो, आन् खरा माणूस आत राहिला हुता.

“साहेब, ते मी बोलालोय!”

“काय?”

“पस्तीस सेकंद.”

समजावत बसायला वेळ न्हवता. ज्याची नोंद त्यानंच मागं घ्यायची म्हणाले ना? गुरुजींना माझा आवाज दस्तगीरभाईंचा वाटतोय ना? वाटू दे. मी मास्क परत तोंडावर चढवला आन् पोटातनं ओरडलो, “गुरुजी, मी दस्तगीर मुल्ला! बाहेर आलो म्हणालो ते चुकलं! मी आत हाय! ऐकलंस काय, मी आत हाय!”

काहीच झालं न्हाई. शटरच्या पत्र्याला कान लावला तर आत वेलीची ती बारीक गुणगुण सुरू झाली हुती, कण उठाय लागले की येती ती.

“मी दस्तगीर मुल्ला! मी मागच्या बोळात हाय! बाहेर गेलो न्हाई मी!”

“दस्तगीर मुल्ला, आपली नोंद मागे घेतली आहे. कक्ष सात, झोप.”

गुणगुण थांबली. शटर वर चढाय लागलं. पुरतं चढायच्या आत मी खालनं सरपटत गेलो, बोळात शिरलो आन् हाताला लागला तो पाय धरून ओढला. भाई दचकून मागं सरकले, डोकं पत्र्याला आपटलं. एका कानावरची टोपी उचलून म्हणाले, “काय गं? पाना घावला न्हाई व्हय?”

मी त्यांचा पाय सोडला न्हाई. ओढतच बाहेर काढलं आन् फरशीवर बसून हमसून हमसून रडलो. “चार नट राहिलेत की अजून,” भाई म्हणत हुते.

मी त्यास्नी एवढंच सांगितलं की यंत्र चुकलं. बाकीचं सांगायला जीभ रेटली न्हाई.

संध्याकाळी भाईंना पत्र आलं. आत असताना बाहेर असल्याची खोटी नोंद दिली, स्वतःचा जीव आन् रॅक धोक्यात घातला, सबब कामावरून दूर, तीन आठवड्यांनी चौकशी. शाबीत झालं तर बडतर्फ. पुरावा त्यांच्याच आवाजाचा.

मला पेंडसेंचा फोन आला. “मॅडम, मी सगळं ऐकलंय. पण दुसऱ्याच्या नावानं नोंद करणं म्हणजे कायद्यानं परवाना रद्द, कारण काही का असेना. तुम्ही बोलणार नसाल तर मीही बोलणार नाही. ठरवा तुम्ही.”

आन् मी गप्प बसलो. खरं सांगतो, लाज वाटती सांगायला, पण पाच दिवस मी गप्प बसलो. पहिल्या वर्गाचा परवाना असलेली बाई अख्ख्या साठाघरात मी एकटी. तो कागद गेला तर मी कोण, हेच मला कळत न्हवतं. रोज ठरवायचो, आज सांगतो, आन् रोज संध्याकाळ व्हायची.

सहाव्या दिवशी भाईंच्या घरी गेलो. त्यांची बायको रेहाना चहा ठेवायला आत गेली. भाई खाटेवर बसले हुते, दाढी वाढलेली. हळूच म्हणाले, “सारिका, एक विचारू? मी म्हणालो असंन का गं तसं? सगळी म्हणत्यात, वय झालं, विसरला असशील. रेहाना बी परवा तेच म्हणाली. मला तर आठवत न्हाई. पण माझाच आवाज हाय म्हणत्यात.”

बावीस वर्षांत ह्या माणसानं एक नट ढिला सोडला न्हवता. तो आता स्वतःच्या डोक्यावर संशय घेत हुता, आन् ते माझ्यापायी. माझ्याच्यानं राहवलं न्हाई. सगळं सांगून टाकलं. ते कार्ड, तो बारीक आवाज, पाना, विचारणा, नव्वद सेकंद, आन् मी त्यांच्या नावानं बोललो ते.

भाईंनी खाटेवरनं पाय खाली घेतले. मग म्हणाले, “म्हंजे तू मला वाचवलंस.”

“व्हय.”

“आन् अडकवलं बी तूच.”

“व्हय भाई.”

“तुझा आवाज मी झोपेत बी वळखतो. त्या यंत्रापुढं लाजलीस, पुण्याच्या एका पोरीपुढं लाजलीस, आन् मी मरत हुतो? आन् वर पाच दिवस मला येड्यात काढू दिलंस?” ते ओरडले न्हाईत, ओरडले असते तर बरं झालं असतं. “जा तू. चहा नको घेऊ.”

रेहाना कप घेऊन दारात उभी हुती. मी तिच्याकडं न बघता चपला घातल्या.

चौकशीला तीन माणसं हुती. मधल्या खुर्चीवर देशकर मॅडम, नागपूरच्या, चष्म्यावरनं बघणाऱ्या. भाई मागच्या बाकावर, माझ्याकडं पाठ करून बसावं तसे तिरपे. पेंडसे बी आले हुते. टेबलावर गुरुजींची एक पाटी, म्हंजे माईक आन् पडद्याचं छोटं यंत्र, त्या दिवशीची आमच्या दोघांची नावं घालून चालू करून ठेवलेली.

मी उभी राहिलो आन् म्हणालो, “मॅडम, तो आवाज माझा हाय.”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. डावीकडचे साहेब हसले. “बाई, यंत्र स्त्री-पुरुष ओळखतं हो. अठ्ठ्याण्णव टक्के अचूक आहे ते.”

“मग विचारा त्याला.”

“ठीक आहे. त्या दिवशी बोललात तसं बोला.”

आता खोलीत सगळी मऊ बोलणारी, चकाचक कपड्यातली माणसं. माझा गळा बारीक व्हायला लागला. खरंच सांगतो, ‘आले आहे’ अगदी जिभेवर आलं. पण तसं बोललो तर भाई गेले. मी टेबलाची कड धरली, डोळे मिटले आन् आईला हाक मारावी तसं मोकळं ओरडलो, “मी बाहेर आलो!”

“नोंद झाली,” पाटी म्हणाली. पडद्यावर अक्षरं उमटली. पेंडसे पुढं झाले आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “दस्तगीर मुल्ला, बाहेर.”

मागच्या बाकावरनं भाई उठले. “साहेब, मी तर तोंड बी उघडलं न्हाई.”

डावीकडच्या साहेबांचं हसू मावळलं. देशकर मॅडमनी चष्मा काढला, पुसला. “काहून असं केलं तुम्ही, बाई? सरळ बोलायचं ना त्या दिवशी यंत्रासमोर!” घरचं नागपुरी ‘काहून’ त्यांच्या तोंडून निसटलं आन् त्या स्वतःच जरा चपापल्या. मग नीट बसून म्हणाल्या, “दस्तगीर मुल्ला यांच्यावरचा आरोप मागे घेतलाय. सगळ्या स्त्री कर्मचाऱ्यांचे आवाज नव्यानं नोंदवायचे, त्यांच्या रोजच्या बोलण्यात. पण चौगुलेबाई, तुम्ही दुसऱ्याच्या नावानं नोंद केलीत. नियम मला वाकवता येणार नाही.”

“मला ठाऊक हाय.”

“एक वर्ष परवाना स्थगित. एवढंच मी कमी करू शकते.”

मी पर्समधनं परवान्याचं कार्ड काढलं आन् टेबलावर ठेवलं. वर्षभर पान्याला हात लावायचा न्हाई म्हंजे काय, ते मलाच म्हाईत. मागं वळलो तेव्हा भाई खोलीत न्हवते.

दुसऱ्या आठवड्यात पेंडसेंचा फोन. कक्ष सातची उरलेली चार पॅनेलं बसवायची हुती आन् दस्तगीर मुल्ला आत जायला तयार न्हाईत. नवा जोडीदार दिला, तरी न्हाई. “म्हणतात, सारिका बाहेर उभी असल्याशिवाय जाणार नाही. मॅडम, तुम्ही नुसतं उभं राहायला येता का? हत्यार धरायचं नाही, फक्त उभं राहायचं.”

मी गेलो. रिकाम्या हातानं, घरच्या साडीत. भाई शटरपाशी हातमोजे चढवत हुते. माझ्याकडं बघितलं न्हाई. नवा जोडीदार नोंद देऊन आत गेला. भाईंनी कानाच्या टोप्या गळ्यात अडकवल्या, खाली वाकले, मग थांबले. वर माईककडं न बघता माझ्याकडं तोंड करून म्हणाले, “सारिका, मी आत गेलो गं.”

“नोंद झाली,” गुरुजी म्हणाले.

“तुला न्हाई सांगितलं,” भाई म्हणाले, आन् आत शिरले.